पहाटेची लोकल आणि पांढरी गोळी

बदलापूरच्या या स्वयंपाकघरात पहाटे साडेपाचला शेगडीचे दोन्ही बर्नर पेटलेले असतात. फोर्टमधल्या एका कार्यालयात नोकरी करणाऱ्या या बाई डबा भरतात, फ्रिजवरच्या जुन्या बिस्किटांच्या डब्यातून औषधाची पट्टी काढतात, घड्याळाकडे पाहतात आणि गोळी न काढताच पट्टी परत ठेवतात. त्या विसरलेल्या नाहीत.

गोळी रक्तदाबाची आहे आणि ती शरीरातले जास्तीचे मीठ व पाणी लघवीवाटे बाहेर काढते, त्यामुळे ती घेतल्यानंतर पहिले काही तास पुन्हापुन्हा लघवीला जावे लागते. लोकलच्या डब्यात स्वच्छतागृह नसते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा दीड तास बायकांच्या डब्यात उभ्याने काढायचा, आणि मध्येच उतरावे लागले तर पुढची गाडी, तिची गर्दी व हजेरीवरचा लेटमार्क, एवढा सगळा हिशेब त्या घड्याळाकडे पाहण्यात उरकलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, दीर्घकालीन आजारांवरचे उपचार सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्या रुग्णांचे प्रमाण विकसित देशांतही सरासरी 50 टक्केच आहे. या उरलेल्या निम्म्यांना आपण सरसकट निष्काळजी म्हणून मोकळे होतो. त्यात विसरणारे असतात, नाही असे नाही. पण विचार करून गोळी टाळणाऱ्यांची कारणे ऐकून घ्यायला मात्र कोणी थांबत नाही.

त्यातही रक्तदाब हा दुखत-खुपत नाही. गोळी चुकली तर त्या दिवशी काही बिघडत नाही, उलट घेतली तर कधी चक्कर येते, कधी पायांना सूज येते. म्हणजे रुग्णाच्या अनुभवात त्रास आजाराचा नसून औषधाचाच असतो. ‘बीपीची गोळी एकदा लागली की सुटत नाही’ हे वाक्य चाळीच्या गॅलरीत इतक्या खात्रीने सांगितले जाते की डॉक्टरांचा सल्ला त्यापुढे फिका पडतो. मधुमेहाच्या काही गोळ्या चतुर्थीच्या उपवासाला नेहमीप्रमाणे घेतल्या तर साखर एकदम उतरते, दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, आणि एकदा ही धास्ती बसली की मग जेवणाच्या दिवशीही गोळी मागे पडते.

पैशांचे गणित निराळे आहे. महिनाअखेरीस औषधाच्या दुकानात ‘पाचच द्या’ म्हटले की दुकानदार कात्रीने पट्टी कापतो आणि नाव व मुदत छापलेला भाग बहुधा दुकानातच राहतो. पालिकेच्या रुग्णालयात औषध स्वस्तात किंवा मोफत मिळू शकते, पण केसपेपर, तपासणी आणि औषधखिडकी या तीन रांगांत रोजंदारीवरच्या माणसाची अख्खी हजेरी बुडते.

यातले काहीच तपासणीच्या खोलीत पोहोचत नाही. डॉक्टर विचारतात, ‘गोळ्या चालू आहेत ना?’ आणि रुग्ण म्हणतो, ‘हो.’ ओरडा खायला कोणाला आवडते? मधुमेहात हे उघडे पडते, कारण तपासणीच्या आधी चार दिवस पथ्य पाळून उपाशीपोटीची साखर सुधारता येते, पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ताची चाचणी तेवढ्याने फसत नाही. रक्तदाबाला अशी चाचणी नाही. तो वाढलेला दिसला की औषध अपुरे पडते असे समजून डॉक्टर मात्रा वाढवतात, आणि घाबरलेला रुग्ण ती वाढीव मात्रा खरोखरच रोज घेऊ लागला की रक्तदाब इतका उतरतो की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यानंतर तो सगळ्याच गोळ्या बंद करतो.

बदलापूरच्या बाईंना एका डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न न विचारता ‘घरातून किती वाजता निघता?’ असे विचारले, तेव्हा लोकलची गोष्ट पहिल्यांदा बाहेर आली. डॉक्टरांनी औषध बदलले नाही. कागदावर ‘सकाळी’ खोडून ‘ऑफिसला पोहोचल्यावर’ एवढेच लिहिले. पट्टी आता फ्रिजवरून डब्याच्या पिशवीत आली आहे. रविवारची गोळी मात्र अजून कधीकधी राहते, कारण त्या दिवशी डब्याची पिशवी उघडलीच जात नाही.