शुक्रवारचा जियान, मार्चमधला जियान

(दृश्य : घरांच्या मधली मोकळी जागा. एकावर एक रचलेले सिमेंटचे तीन पाइप. दुपारचं ऊन.)

तोक्योतल्या एका साध्यासुध्या वस्तीतली ही मोकळी जागा महाराष्ट्रातल्या लाखो मुलांना तोंडपाठ आहे. या पाइपांवर उभा राहून जियान, वस्तीतला दांडगा मुलगा, गातो आणि समोर बसलेल्यांना उठून जायची सोय नसते. मित्रांपैकी नोबिताचं कॉमिक, सुनिओचं नवं खेळणं, जे दिसेल ते जियानचं. त्याची आई कान धरून घरी नेईपर्यंत त्याला अडवणारं कोणी नाही. नोबिताच्या घरी राहणाऱ्या भविष्यातल्या यंत्रमांजराच्या, म्हणजे 'डोरेमॉन'च्या मालिकेत १९७९ पासून हे असंच चाललंय.

आणि वर्षातून एकदा, बहुतेक वेळा मार्च महिन्यात, हाच जियान मित्रासाठी जीव धोक्यात घालतो.

जपानमध्ये 'चित्रपटातला जियान' एवढं म्हटलं तरी समोरच्याला सगळं कळतं. एरवी दांडगाई करणारा, पण वेळ आली की सर्वांत पुढे उभा राहणारा माणूस. हा दुसरा जियान आला कुठून? मालिकेत तो का दिसत नाही? अॅनिमे (जपानी अॅनिमेशन) मालिका आणि तिच्यावरचे चित्रपट यांचं खरं नातं समजून घ्यायचं तर मला याच्यापेक्षा चांगली सुरुवात दुसरी सुचत नाही.

(दृश्य : नोबिताची खोली. तातामीची (गवती चटयांची) जमीन, अभ्यासाचं टेबल, उघडा ड्रॉवर.)

आधी मालिका. १९७३ मध्ये डोरेमॉन पहिल्यांदा टीव्हीवर आला, पण ती मालिका काही महिन्यांतच बंद पडली. आज आपण ओळखतो ती मालिका २ एप्रिल १९७९ ला सुरू झाली. सोमवार ते शनिवार, संध्याकाळी सात वाजायला दहा मिनिटं असताना, फक्त दहा मिनिटं. पुढे १९८१ मध्ये ती शुक्रवारी संध्याकाळी सातला आली आणि २०१९ पर्यंत शुक्रवार हाच तिचा वार राहिला.

दहा मिनिटांत काय सांगता येतं? नोबिता शून्य मार्क घेऊन येतो, किंवा मार खाऊन येतो. रडतो. डोरेमॉन पोटावरच्या खिशातून काहीतरी काढतो. नोबिता त्याचा अतिरेक करतो आणि सगळं अंगाशी येतं. गोष्ट संपली. उद्या पुन्हा पहिल्यापासून, आणि कालचं कोणालाच आठवत नाही. नोबिता वर्षानुवर्षं पाचवीतच आहे.

या गोष्टी इतक्या झरझर काढायच्या तर चित्रंही तशीच काढावी लागतात. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. टीव्हीच्या अॅनिमेत एकच चित्र सहसा तीन चौकटी टिकवतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम आठ चित्रं. बोलताना ओठ हलतात, बाकी चेहरा जागच्या जागी. तीच गल्ली, तीच खोली, तेच तीन पाइप पुन:पुन्हा वापरले जातात. जपानमध्ये ही काटकसर १९६३ मध्ये ओसामू तेझुका यांच्या 'अॅस्ट्रो बॉय'पासून रुळली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा म्हटल्यावर दुसरा इलाजही नव्हता. तिच्याकडे नाक मुरडून बघणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. त्या काटकसरीमुळेच हे घर, ही गल्ली, हे पाइप आपल्या डोळ्यांत कायमचे बसले.

(दृश्य : टेकडीचा कडा. नोबिता कुदळीने माती खणतोय.)

मार्च १९८०. मालिकेला जेमतेम वर्ष होत आलेलं, आणि पहिला चित्रपट आला. 'नोबिताचा डायनासोर'.

याची कथा आधीपासून होती. मूळ चित्रकार-लेखक फुजिको एफ. फुजिओ यांनी १९७५ मध्ये ती एक छोटी गोष्ट म्हणून काढली होती. सुनिओ जीवाश्म दाखवून मिरवतो. नोबिता चिडतो आणि मी अख्खा डायनासोर शोधून दाखवीन असं बोलून बसतो. मग खणतो, आणि खरंच एक अंडं सापडतं. डोरेमॉनच्या कापडात गुंडाळून काळ मागे नेला की अंडं ताजं होतं. पिल्लू बाहेर येतं. नोबिता त्याचं नाव पिसुके ठेवतो, आपल्या अंथरुणात घेऊन झोपतो, आईबाबांपासून लपवतो. पिल्लू वाढतं, कपाटात मावेनासं होतं. शेवटी टाइम मशीनमधून त्याला त्याच्या काळात सोडून यावं लागतं. निरोप. छोटी गोष्ट तिथेच संपते.

चित्रपटात हा निरोप मध्यंतराच्याही आधी होतो. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. पिसुकेला चुकून भलत्याच ठिकाणी, अमेरिकेच्या बाजूला सोडल्याचं लक्षात येतं. सगळे पुन्हा जातात, टाइम मशीन बिघडतं, आणि घरी परतायची एकच वाट उरते : कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पृथ्वीवरून जपानपर्यंत पोचायचं. डोक्यावर लावून उडायच्या बांबूकॉप्टरची बॅटरी संपत आलेली. मागावर भविष्यकाळातले डायनासोरचे शिकारी.

आता इथे जरा थांबू. प्रवासात एका जीवघेण्या क्षणी नोबिता जियानचा हात पकडतो आणि सोडत नाही. पुढे शिकारी सौदा मांडतात : पिसुकेला आमच्या ताब्यात द्या, आम्ही तुम्हाला घरी सोडतो. सुनिओ घाबरलेला आहे, त्याला घरी जायचंय, आणि त्यात त्याची काही चूकही नाही. अशा वेळी जियान सांगतो की आपण जपानपर्यंत चालत जायला तयार आहोत. कारण? नोबिताने त्याचा हात सोडला नव्हता.

डोरेमॉन कधीच न पाहिलेल्या माणसाला हा प्रसंग दाखवा. त्याला तो बरा वाटेल. एका धिप्पाड मुलाने मित्राची बाजू घेतली, इतकंच. पण ज्याने वर्षभर टीव्हीवर या मुलाला नोबिताला बुकलताना पाहिलंय, त्याच्या घशात आवंढा येतो. चित्रपटाने हा जियान नवा घडवला नाही. दहा-दहा मिनिटांच्या गोष्टींत त्याच्या या बाजूला जागाच मिळत नव्हती. वर्षभर मालिका जे साठवते ते चित्रपट दीड तासात उधळतो, आणि साठवण नसेल तर उधळायला काही उरत नाही.

चित्रपटाची भव्यता, जास्त चित्रं, मोठा आवाज हे सगळं आहेच. पण 'चित्रपट मालिकेपेक्षा सरस का' असं विचारलं की लोक लगेच पैशांकडे बोट दाखवतात, तिथे माझी हरकत आहे. जियान ज्या ओळखीवर उभा आहे ती ओळख पैशाने विकत मिळत नाही.

पिसुकेबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तो ज्या जातीचा आहे त्या प्राण्याचा सांगाडा खरोखर जपानमध्ये सापडला होता. १९६८ मध्ये, फुकुशिमा प्रांतातल्या इवाकी इथे, आणि तो सापडला एका हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या मुलाला. म्हणजे कडा खणून मोठा शोध लावणारा शाळकरी पोरगा हे निव्वळ स्वप्नरंजन नव्हतं. (शास्त्राप्रमाणे तो डायनासोर नव्हे, समुद्रात राहणारा लांब मानेचा सरीसृप.) त्याला अधिकृत शास्त्रीय नाव मिळायला २००६ उजाडलं. योगायोग असा की त्याच वर्षी हा चित्रपट नव्याने काढून पुन्हा प्रदर्शित झाला.

(दृश्य : घनदाट जंगल, वर न हटणारे ढग. कुत्र्याचं एक पिल्लू पुढे चालतंय.)

पुढची अनेक वर्षं फुजिओंनी एक शिरस्ता पाळला. जवळजवळ दरवर्षी चित्रपटासाठी नवी मोठी गोष्ट ते स्वत: चित्रकथेच्या रूपात काढायचे, मासिकातून ती क्रमश: यायची आणि मार्चमध्ये, शाळांना वसंताची सुट्टी लागायच्या सुमारास, चित्रपट लागायचा. सप्टेंबर १९९६ मध्ये ते गेले, तेव्हाही पुढच्या वर्षीच्या चित्रपटाची गोष्ट त्यांच्या हातात होती.

या चित्रपटांची सुरुवात नीट बघा. पहिला काही वेळ हुबेहूब मालिकेचा भाग वाटतो. सुनिओ बढाया मारतो, नोबिता घरी पळत येतो, 'डोरेमॉन' म्हणून टाहो फोडतो आणि शीर्षकगीत वाजतं. मग हळूच मालिकेतली एकेक सोय काढून घेतली जाते. कुठेही नेणारा तो गुलाबी दरवाजा मोडतो. खिसा हरवतो. बॅटरी संपते. मालिकेत डोरेमॉनची यंत्रं अडचणी निर्माण करतात, आणि चित्रपटात ती नसणं हीच अडचण असते.

१९८२ च्या चित्रपटात तर यंत्रं जियानमुळेच मागे राहतात. आफ्रिकेच्या जंगलात खरंखुरं साहस करायचं तर उपयोगाच्या वस्तू बरोबर नकोत, हा त्याचा हट्ट. पुढे जिवावर बेतल्यावर सगळ्यांचा राग त्याच्यावर निघतो. जियान आतून खचतो, आणि कबूल करायचं म्हटलं तर त्याला जमत नाही. मग पेको, कुत्र्यांच्या राज्याचा राजपुत्र, इतरांचे जीव वाचावेत म्हणून एकटाच शत्रूकडे निघतो. जियान त्याच्या मागे जातो. पेको त्याला परत लोटतो. जियान हटत नाही. पार्श्वभूमीला गाणं, आणि मागून एकेक करून बाकीचेही येऊन सामील होतात. माफी मागायला ज्याची जीभ रेटत नाही असा मुलगा आपल्या पायांनी माफी मागतो. सगळ्या डोरेमॉन चित्रपटांत माझ्या लेखी हा प्रसंग पहिल्या क्रमांकाचा.

नोबिताची मैत्रीण शिझुका, तिचंही तसंच. मालिकेत तिच्या वाट्याला आंघोळीचे विनोद, त्याबद्दल मला कायम वाईट वाटत आलंय. १९८६ च्या यंत्रमानवांच्या सैन्याच्या गोष्टीत मात्र जखमी झालेल्या शत्रूपक्षाच्या रिरुरूची शुश्रूषा करायला तीच बसते, आणि युद्धाचा निकाल शेवटी त्या सेवेतून लागतो.

चित्रपट संपला की शुक्रवारी पुन्हा शून्य मार्क. पेको, पिसुके, रिरुरू यांचं नावही निघत नाही. काही प्रेक्षकांना हे खटकतं. माझ्या मते तसंच हवं. जियान मालिकेतही भला झाला, तर पुढच्या मार्चमध्ये दाखवायचं काय?

(दृश्य : बुटातून काढलेला पाय. मळका मोजा.)

हीच युक्ती 'शिनचॅन'च्या २००१ च्या चित्रपटात दिग्दर्शक केइची हारा यांनी मोज्याच्या वासावर पेलली. शिनचॅनच्या बाबांच्या पायांना येणारा वास हा मालिकेतला नेहमीचा विनोद. चित्रपटात गतकाळाच्या सुगंधाने मोठी माणसं भुलतात, मुलांना विसरतात, स्वत:च लहान होतात. बाबांना जागं करतो तो त्यांच्याच बुटाचा वास. त्या वासाबरोबर लहानपण, पहिली नोकरी, लग्न, मुलाचा जन्म, रात्री उशिरा थकून घरी येणं, सगळं डोळ्यांपुढून सरकतं. ज्या वासावर आपण वर्षानुवर्षं हसलो तो राबणाऱ्या माणसाच्या घामाचा होता, हे एक अक्षरही न बोलता कळतं.

(दृश्य : रात्रीचं स्टेशन, वाफेचं इंजिन.)

अलीकडे हे नातं बदललंय. 'डीमन स्लेयर'च्या पहिल्या पर्वाचा शेवट २०१९ मध्ये नायक मंडळी मुगेन ट्रेनमध्ये चढताना झाला, आणि पुढची गोष्ट थेट चित्रपटात. ऑक्टोबर २०२० मध्ये तो लागला तेव्हा नवख्या प्रेक्षकासाठी मागची गोष्ट सांगण्याची तसदीही घेतलेली नव्हती. तरीही जपानमध्ये त्याने चाळीस अब्ज येनहून जास्त कमाई केली आणि २००१ पासून पहिल्या क्रमांकावर असलेला मियाझाकींचा 'स्पिरिटेड अवे' मागे पडला.

वर्षभराने हाच मजकूर टीव्हीवर सात भागांत आला. पहिला भाग नवा, बाकी सहांत चित्रपटाचेच तुकडे, काही वाढीव दृश्यं आणि नवी गाणी. चित्र तेच, आवाज तेच. पण गाडीतला ज्येष्ठ तलवारबाज रेंगोकू, त्याची पहाटेची झुंज आणि तिचा शेवट चित्रपटात सलग अंगावर येतो. गाडीतली रात्र त्याच्याबरोबर काढल्यानंतर आपल्याला उसंत मिळत नाही. टीव्हीवर मधे आठवड्याचं अंतर पडतं आणि तीच झुंज एक चांगला भाग होऊन राहते. ज्यांना निवड करता येते त्यांनी चित्रपटच पाहावा.

आपल्याकडे मात्र फार काळ ही निवडच नव्हती. डोरेमॉन २००५ च्या सुमारास हंगामा वाहिनीवर हिंदीतून आला आणि कितीतरी मराठी घरांतल्या मुलांच्या तोंडी हिंदी बसली ती तिथूनच. त्याचे चित्रपटही त्याच टीव्हीवर, सुट्टीच्या दिवशी, जाहिरातींच्या मधून पाहिले गेले. मोठा पडदा नाही, अंधार नाही. तरीसुद्धा 'आज जियान चांगला कसा वागतोय?' हा प्रश्न इथल्या मुलांना पडलाच. सप्टेंबर २०२५ मध्ये 'डीमन स्लेयर'चा पुढचा चित्रपट हिंदी, तमीळ, तेलुगूसह भारतातल्या थिएटरांत लागला, तेव्हा रांगेत उभ्या असलेल्या तरुणांत हीच मुलं मोठी होऊन आली असणार.

(दृश्य : पुन्हा नोबिताची गल्ली. संध्याकाळ.)

घरात लहान मूल असेल आणि हे चित्रपट दाखवायचे असतील, तर थेट चित्रपटाने सुरुवात करू नका. आधी मालिकेचे पंधरा-वीस भाग बघू द्या, कुठलेही. त्याला जियानचा मनापासून राग येऊ द्या. मग सुट्टीच्या दिवशी १९८२ ची ती जंगलाची गोष्ट लावा, मधे जाहिराती येणार नाहीत असं बघा, आणि पेको एकटा निघतो तिथे काही समजावून सांगू नका.