व्हायरसचा इशारा खरा की अफवा? मेसेज तुमच्याकडून काय मागतोय ते बघा

नमस्कार मंडळी.

माझी मावशी मला व्हायरसचे इशारे पाठवते. बरीच वर्षं पाठवते आहे. आधी ईमेलवर यायचे, आता व्हॉट्सॲपवर येतात. सगळे मायेपोटी. "उद्या मार्टिनेली नावाचा एक व्हिडिओ येणार आहे, तो उघडू नकोस, दहा सेकंदांत फोन हॅक होतो आणि मग काही केल्या दुरुस्त होत नाही. सगळ्यांना कळव." हा तर तिने मला तीनदा पाठवला.

याच मावशीला एक दिवस दोन ओळींचा मेल आला. तुमचा मेलबॉक्स भरला आहे, जुने मेल जाऊ नयेत म्हणून इथे लॉगिन करा. तिने केलं लॉगिन. कोणाला काही बोलली नाही, कारण बोलण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नाही. चार दिवसांनी तिच्या नावाने तिच्या ओळखीच्या लोकांकडे पैसे मागणारे मेल जायला लागले.

साप साप म्हणून भुई धोपटणं हे आपण सगळेच बोलताना वापरतो. मावशीने इतकी वर्षं भुई धोपटली आणि साप मागच्या दाराने आला. मला याचं फार वाईट वाटलं. मला तिचे इशारे खोटे आहेत हे कळत होतं, पण "मावशी, हे खोटं आहे" एवढं सांगून मी गप्प बसायचे. खरं कसं दिसतं ते मी तिला कधी दाखवलंच नव्हतं. आज ते दाखवते.

सुरुवात जुन्यापासून करू, कारण आजच्या अफवांचा साचा तिथेच पडला.

[स्क्रीनवर: १९९४]

डिसेंबर १९९४. अमेरिकेत ईमेल वापरणाऱ्यांमध्ये एक इशारा फिरायला लागला. विषयाच्या जागी 'गुड टाइम्स' असं लिहिलेला मेल आला तर वाचू नका. नुसता वाचला तरी हार्डडिस्क पुसली जाते. पुढे त्यात भर पडत गेली. तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने हा इशारा दिलाय असं कोणीतरी जोडलं. मग असंही आलं की हा व्हायरस प्रोसेसरला 'एन्थ कॉम्प्लेक्सिटी इन्फिनिट बायनरी लूप'मध्ये अडकवतो आणि प्रोसेसर जळून जातो.

ऐकायला भारदस्त आहे. पण अशी लूप कुठल्याही पुस्तकात नाही. कधीच न संपणारी लूप तर प्रोग्रामिंग शिकणारा प्रत्येक जण पहिल्या महिन्यात चुकून लिहितो. कॉम्प्युटर अडकतो, प्रोग्राम बंद केला की सुटतो. आणि ते कमिशन दूरसंचाराचे नियम बघतं, व्हायरसचे इशारे देणं हे त्याचं कामच नाही. पण मोठ्या संस्थेचं नाव आणि न कळणारा जड शब्द एकत्र आले की माणूस विचारायचं थांबतो.

'गुड टाइम्स' नावाचा व्हायरस त्या मेलमध्ये कधी नव्हताच. पसरत होता तो इशारा, आणि पसरवत होते इशारा वाचणारे.

तेव्हा जाणकार लोक छातीठोकपणे सांगायचे, मेल नुसता वाचून काही होत नाही, अटॅचमेंट उघडू नका म्हणजे झालं. त्या काळात ते बरोबरही होतं. पण नोव्हेंबर १९९९मध्ये 'बबलबॉय' नावाचा वर्म, म्हणजे स्वतःच्या प्रती स्वतःच पसरवणारा प्रोग्राम, आला आणि तो मेल उघडताक्षणी चालायचा. आउटलुक एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्राममध्ये तर नुसता प्रिव्ह्यू दिसला तरी पुरे. त्याच सुमाराचा 'काक' हा वर्म त्याच फटीतून, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या त्याच त्रुटीतून आला आणि तो बराच पसरला. म्हणजे पाच वर्षांपूर्वी जी थाप होती, तिच्यासारखं काहीतरी खरंच घडलं! म्हणून 'असं होऊच शकत नाही' या पाठ केलेल्या वाक्यावर माझा फारसा भरवसा नाही. मात्र हेही लक्षात घ्या की त्या फटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट १९९९मध्येच दिला होता. ज्यांनी अपडेट घेतलं होतं त्यांना दोन्हींपासून धोका नव्हता.

आता मला सगळ्यात जास्त शिकवणारी अफवा. टेडी बेअरची.

[स्क्रीनवर: करड्या रंगाच्या अस्वलाचं छोटं चित्र]

२००२ साल. मेल यायचा ओळखीच्या माणसाकडून, आणि सुरुवात माफी मागून. माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक व्हायरस सापडला, तुझा पत्ता माझ्याकडे आहे म्हणजे तुझ्याकडेही आला असेल. तो १४ दिवस गप्प बसतो. अँटीव्हायरसला सापडत नाही. सर्चमध्ये जा, 'जेडीबीजीएमजीआर डॉट ईएक्सई' ही फाइल शोध. सापडली आणि तिच्यावर अस्वलाचं चित्र दिसलं तर उघडू नको, ताबडतोब डिलीट कर, रिसायकल बिनमधूनही काढ. आणि तुझ्या ॲड्रेस बुकमधल्या सगळ्यांना कळव.

तुम्ही शोधता. फाइल सापडते. अस्वल दिसतं. अंगावर काटा येतो.

ती फाइल सापडणारच होती. ती विंडोजबरोबरच येत होती, जावाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या कामाची. अस्वलाचं चित्र तिला मायक्रोसॉफ्टच्याच लोकांनी दिलेलं. म्हणजे अफवेने तुमच्या हातात एक अशी चाचणी दिली जी प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर 'पॉझिटिव्ह'च येणार होती. खात्री स्वतःच्या डोळ्यांनी करून घेतलेली, मग शंका कशाला राहील? मी या मेलकडे जेव्हा जेव्हा बघते तेव्हा मला कळतं की हुशार माणसंही का फसली. ती भोळी नव्हती. त्यांनी तपासून बघितलं होतं. फक्त तपासायची पद्धतही त्या मेलनेच सांगितलेली होती.

त्याच्या आदल्या वर्षी, २००१मध्ये, हेच 'सल्फएनबीके डॉट ईएक्सई' या फाइलबद्दल झालं. तीही विंडोजचीच, लांब नावांच्या फाइल्सची नावं परत मिळवण्यासाठी असलेली. पण इथे एक बारीक मेख आहे. 'मॅजिस्टर' नावाचा एक खराखुरा व्हायरस त्या वर्षी फिरत होता आणि तो कॉम्प्युटरमधली एखादी प्रोग्राम फाइल उचलून, तिला लागण करून मेलला जोडायचा. कधी कधी ती नेमकी हीच फाइल असायची. म्हणजे तुमच्या डिस्कवर आधीपासून असलेली फाइल निर्दोष, आणि त्याच नावाने मेलमधून आलेली फाइल घातक. नुसत्या नावावरून काही ठरत नाही. ती कुठून आली ते बघावं लागतं.

आता खरे साप.

मार्च १९९९. 'मेलिसा'. वर्डची फाइल जोडलेला मेल, मजकूर साधारण असा: तू मागितलेलं डॉक्युमेंट हे घे, दुसऱ्या कोणाला दाखवू नकोस. फाइल उघडली की तिच्यातला मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच असलेला छोटा प्रोग्राम, आउटलुकच्या ॲड्रेस बुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर तोच मेल पाठवायचा.

हे वाक्य पुन्हा ऐका. दुसऱ्या कोणाला दाखवू नकोस. अफवा म्हणते सगळ्यांना सांग, आणि मेलिसा म्हणत होता कोणाला सांगू नको. अफवेला पसरायला तुमचा हात लागतो, म्हणून ती ओरडते. खऱ्या व्हायरसला पसरण्यासाठी तुमच्या मदतीची गरज नसते, फक्त एकदा आत यायला दार हवं असतं. म्हणून तो हळू बोलतो.

मे २०००. 'आय लव्ह यू'. ओळखीच्या माणसाकडून प्रेमपत्र. हे जरा जवळून बघू.

[स्क्रीनवर फाइलचं नाव: लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस]

नावाच्या शेवटी दोन शेपट्या आहेत. पहिली टीएक्सटी, म्हणजे साधी मजकुराची फाइल. दुसरी व्हीबीएस, म्हणजे चालणारी स्क्रिप्ट. खरी असते ती शेवटची. पण विंडोज ओळखीच्या प्रकारांची शेवटची शेपटी लपवतं. लोकांना दिसलं 'लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी', आणि साधं पत्र समजून त्यांनी ते उघडलं. स्क्रिप्टने ॲड्रेस बुकमधल्या सगळ्यांना स्वतःची प्रत पाठवली आणि फोटोंच्या जेपीजी फाइल्सवर स्वतःला लिहून टाकलं. ज्यांनी फोटोंची दुसरी प्रत ठेवली नव्हती त्यांचे फोटो गेले.

ही सोय आजही विंडोजमध्ये तशीच येते. व्हिडिओ थांबवून आत्ता बदला: फाइल एक्सप्लोरर उघडा, वरच्या 'व्ह्यू'मध्ये जा (विंडोज ११मध्ये त्यातल्या 'शो'मध्ये), 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'समोर खूण करा. मग 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' आली तर तुम्हाला पूर्ण नाव दिसेल.

पुढे हे लोक आणखी शहाणे झाले. २०१४पासून दिसणारा 'इमोटेट' तर लागण झालेल्या मेलबॉक्समधले जुने मेल चोरून त्यांनाच उत्तर द्यायचा. तुम्ही सहा महिन्यांपूर्वी लिहिलेला मजकूर खाली, तुमच्याच सहकाऱ्याचं नाव वर, मध्ये 'जोडलेली फाइल बघावी'. फाइल उघडली की पिवळी पट्टी: 'एनेबल कंटेंट'. त्या बटणावर सगळं अवलंबून होतं. इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइल्समधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२पासून आपणहून अडवायला सुरुवात केली, पण 'अमुक चालू करा, तमुक बंद करा' असं सांगणारी कुठलीही फाइल दिसली तर तिथेच हात थांबवा.

आणि काहींना मेल लागतही नाही. १२ मे २०१७ला 'वॉनाक्राय' आला, दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटरमधल्या फाइल्सना कुलूप लागलं, ब्रिटनमध्ये रुग्णालयांची कामं थांबली. तो विंडोजमधल्या एका फटीतून, नेटवर्कवरून आपोआप पसरत होता. ती फट बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलेलं होतं. अनोळखी मेल उघडू नका हा सल्ला तिथे उपयोगाचा नव्हता, 'रीस्टार्ट अँड अपडेट' हे बटण होतं. आपण ते रोज 'नंतर' म्हणून ढकलतो, म्हणून मला त्याची जास्त काळजी वाटते.

तर मेसेज आला की मी काय करते? तो माझ्या हाताला काय करायला सांगतोय ते बघते. फॉरवर्ड कर म्हणाला तर बहुधा अफवा. फाइल डिलीट कर, सेटिंग बदल म्हणाला तर अफवा असो वा नसो, करत नाही. लॉगिन कर, पैसे भर, कोड सांग, या नंबरवर फोन कर म्हणाला तर तो इशारा नाहीच, तोच हल्ला आहे. स्क्रीनभर लाल रंग, भोंगा आणि खाली फोन नंबर दाखवणारं पान याच जातीचं. खरा अँटीव्हायरस असा फोन करायला लावत नाही. ब्राउझर बंद करा, होत नसेल तर कॉम्प्युटरच बंद करून चालू करा.

खरा इशारा वाचायला कंटाळवाणा असतो. त्यात तारीख असते, कुठल्या सॉफ्टवेअरची कुठली आवृत्ती ते असतं, बऱ्याचदा त्या त्रुटीला दिलेला, 'सीव्हीई'ने सुरू होणारा क्रमांक असतो, आणि उपाय म्हणून 'अमुक आवृत्ती घ्या' असतं. अफवेत तारखेऐवजी 'आज सकाळी' किंवा 'उद्या' असतं. मार्टिनेलीचा व्हिडिओ कित्येक वर्षं 'उद्या' येतोय. मात्र त्याच मेसेजमध्ये पुढे 'व्हॉट्सॲप गोल्ड'पासून, म्हणजे व्हॉट्सॲपची खास आवृत्ती म्हणून खपवलेल्या थापेपासून, सावध राहा असं असायचं, आणि गोल्डच्या नावाने फसवणाऱ्या लिंक २०१६मध्ये खरंच फिरल्या होत्या. थापेला एक खरं वाक्य चिकटवलं की ती जास्त टिकते. म्हणून मेसेजमधले वेगळे शब्द उचला आणि स्वतः सर्च करा. मेसेजमधली लिंक वापरू नका.

मावशीच्या खात्याचं काय झालं ते राहिलंच. आधी माझ्या लॅपटॉपवरून पासवर्ड बदलला, मग सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट केलं, दोन टप्प्यांची पडताळणी लावली. वाटलं झालं. पण तिला मैत्रिणींची उत्तरं अजून येत नव्हती. मग सेटिंगमध्ये 'फिल्टर' उघडले. तिथे एक नियम होता जो तिने केलेला नव्हता. ज्या मेलमध्ये 'हॅक' किंवा 'पैसे' हा शब्द असेल तो थेट कचऱ्यात. म्हणजे "अगं, तुझ्या नावाने पैसे मागतायत" हे सांगणारे तिला आलेले सगळे मेल तिच्यापर्यंत पोचतच नव्हते. कचरापेटीत सतरा मेल होते. तिने चष्मा लावून एकेक उघडून वाचला. तुमचं खातं कधी गेलं असेल तर पासवर्ड बदलून थांबू नका, फिल्टर आणि 'फॉरवर्डिंग' ही दोन पानं नक्की बघा.

परवा तिने मला मार्टिनेलीचा मेसेज चौथ्यांदा पाठवला. या वेळी खाली एक ओळ होती: "मी पुढे पाठवला नाहीये. खरा आहे का गं?"