ज्वालामुखीच्या अंगावरचे सोळा छोटे कॉम्प्युटर

समोर धूर ओकतोय तो डोंगर म्हणजे इक्वाडोरचा रेव्हेंटाडोर. 2002 च्या नोव्हेंबरमध्ये हा असा काही फुटला की राख पार राजधानी कीटोपर्यंत जाऊन पडली, आणि 2005 च्या ऑगस्टमध्ये, तो अजून धुमसतच होता तेव्हा, हार्वर्डच्या कॉम्प्युटरवाल्यांची टीम ज्वालामुखीच्या अभ्यासकांना सोबत घेऊन पाठीवर सामान बांधून याच उतारावर चढली.

आता सामान काय, तर सोळा वॉटरप्रूफ डबे. प्रत्येकात तळहातावर मावेल असा एक सर्किट बोर्ड, नाव टीमोट स्काय, स्पीड 8 मेगाहर्ट्झ आणि रॅम फक्त 10 किलोबाइट, आपण व्हॉट्सॅपवर पाठवतो तो एक साधा फोटोसुद्धा त्यात मावायचा नाही. पॉवरला टॉर्चमध्ये घालतात ते दोन जाडे सेल. डब्यातून एक वायर जमिनीत पुरलेल्या सिस्मोमीटरला (जमिनीचे हादरे मोजणारं यंत्र), एक मायक्रोफोनला, आणि अँटेना पीव्हीसी पाइपला बांधून वर उभा केलेला. असे डबे तीनेक किलोमीटरभर लावत गेले, वरच्या डब्याने खालच्याला सांगायचं, त्याने त्याच्या खालच्याला, असं करत मेसेज डोंगराखालच्या लॅपटॉपपर्यंत. याआधी तिथे जड स्टेशनं असायची, गाडीच्या बॅटरीवर चालणारी, आणि डेटा आणायला माणूस स्वतः वर जायचा.

पण खरी गंमत पुढे आहे. सेन्सर सेकंदाला शंभर रीडिंग घेतो, सोळा डब्यांचं एवढं सगळं त्या रेडिओवरून सतत पाठवणं शक्यच नाही. मग प्रत्येक डबा साधारण शेवटच्या वीस मिनिटांचा डेटा स्वतःकडेच, रॅमपेक्षा वेगळ्या फ्लॅश मेमरीत ठेवतो, जुनं पुसत नवं लिहीत राहतो, आणि हादरा नेहमीपेक्षा मोठा वाटला तरच खाली एक छोटासा मेसेज टाकतो. एकट्याने सांगितलं तर खालचा लॅपटॉप लक्ष देत नाही (दगड गडगडला असेल, वारा असेल), पण दहा सेकंदांत साधारण तीस टक्के डबे तेच बोलले की मग तो सगळ्यांना म्हणतो, तो एक मिनिट पाठवा. तो एक मिनिट सगळ्यांकडून उतरवायला वेळ जायचा तासाच्या घरात, आणि तोपर्यंत नवीन मोजणी बंद! मला विचाराल तर या सगळ्या कामातली ही सगळ्यात प्रामाणिक तडजोड, कारण काय सोडायचं हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं.

19 दिवसांत 230 च्या आसपास स्फोट आणि हादरे सापडले. सेल फार वेळा बदलावे लागले नाहीत. डोंगराने फार त्रास दिलाच नाही, दिला तो खालच्या लॅपटॉपच्या विजेने, ती सारखी जायची. आणि डब्यांची घड्याळं मध्येच भरकटायची, मग परत आल्यावर सगळ्या रीडिंगच्या वेळा गणित करून दुरुस्त करत बसावं लागलं, कारण हादरा कुठून आला हे कळायला सगळ्या डब्यांच्या वेळा बारीक जुळायला हव्यात.

आपल्याकडे केरळात, मुन्नारच्या अँथोनियार कॉलनीत, अमृता विद्यापीठाने दरडींसाठी असंच जाळं लावलंय. माळीण, इर्शाळवाडी बघितलेल्या आपल्या लोकांना याचं मोल वेगळं सांगायला नको. तिथे बोअर मारून सेन्सर खोल उतरवलेत, पावसाचं पाणी मुरलं की मातीच्या आतला दाब वाढतो, तो मोजायला.