भरतीच्या वेळेवर चालणारं जंगल

(दृश्य: दिवा कोळीवाड्याजवळची जेट्टी, सकाळ. ओहोटी लागलेली. मागे ऐरोलीचा पूल.)

मुलुंड ते ऐरोली पुलावरून रोज हजारो लोक ये-जा करतात. खिडकीतून दोन्ही बाजूंना दाट झाडी दिसते, तिच्या पलीकडे चिखल, आणि हिवाळ्यात त्या चिखलावर गुलाबी रेघ. तेवढ्यात पूल संपतो. आज आपण त्या पुलाखालून जाणार आहोत, होडीने.

ही ठाणे खाडी. राजमाचीच्या डोंगराळ भागातून निघालेली उल्हास नदी ठाण्यापाशी येते, तिचा मोठा प्रवाह घोडबंदरच्या अंगाने वसईकडे वळतो आणि एक अरुंद फाटा या खाडीला येऊन मिळतो. तिथून कळवा, ऐरोली, वाशी करत खाडी मुंबई बंदराच्या पाण्यात मिसळते. लांबी सुमारे २६ किलोमीटर. पावसाळ्यात वरून गोडं पाणी येतं, आणि समुद्राचं खारं पाणी दिवसातून दोनदा आत शिरतं. या दोन्ही पाण्यांना जी झाडं पुरून उरतात, त्यांचं जंगल म्हणजे कांदळवन.

(दृश्य: तिवराची फांदी, अगदी जवळून.)

हे तिवर. या खाडीत सगळ्यात जास्त हेच दिसतं. उन्हात पान जरा तिरकं धरून पाहा, त्यावर बारीक कण चमकतात. ते मीठ आहे. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं जास्तीचं मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं. खाली चिखलातून बोटभर उंचीची टोकं वर आलेली दिसतात, तीही त्याचीच मुळं. चिखलाच्या आत हवा खेळत नाही, म्हणून ओहोटीच्या वेळी ही मुळं वरून श्वास घेतात. या टोकांवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळली गेली की काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको.

आणि मुळांमधून सरपटत गेली ती निवटी. मासा आहे, पण परांवर रेटा देत चिखलावर चालतो. आगरी-कोळी घरांत निवट्यांचं कालवण होतं. चिंबोऱ्यांची बिळं इथेच, आणि कोलंबीची, जिताड्याची पिल्लं वाढतात तीही याच मुळांच्या आडोशाला. काठावरच्या गावांची चूल या चिखलावर चालत आली, ती पिढ्यान् पिढ्या.

गावांनी या जंगलातून लाकूडही नेलं, हे सांगायला हवं. तिवराचा जळणासाठी वापर व्हायचा. पण बाहेरच्या बाजूला तिवर उभं होतं, म्हणून खारजमिनीचे बांध लाटांपासून वाचत होते आणि आतली भातशेती पिकत होती. उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या झडपेतून, कधी पाणी सोडायचं आणि कधी अडवायचं, हे गावाला ठाऊक होतं. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या गावांच्या जमिनी गेल्या, मिठागरं आणि शेतं भरावाखाली गेली. खाडी मात्र गावाच्या दारातच राहिली.

(दृश्य: कांदळवनाच्या कडेला टाकलेला राडारोडा.)

शहराने तिला मागचं अंगण समजून वागवलं. बांधकामाचा राडारोडा रात्री आणून ओतायचा, भरतीचं पाणी आत येण्याची वाट बुजवायची, आणि झाडं आपोआप वाळली की जागा मोकळी. कांदळवन मारायला कुऱ्हाड लागतेच असं नाही. पाणी तोडलं तरी पुरतं.

कायद्याने हात दिला, तो उशिरा पण भक्कम. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनाच्या तोडीवर आणि त्याच्या भोवतीच्या भरावावर बंदी घातली. सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनाचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखला. दरम्यान २०१२ मध्ये राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला. ऑगस्ट २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्यातलं ८९६ हेक्टर कांदळवन आहे, बाकीचं पाणी आणि चिखल. २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली. महाराष्ट्रातलं हे तिसरं, नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतरचं.

एवढं सगळं कागदावर पक्कं झालं. पण रात्री दोन वाजता डंपर येतो तेव्हा तिथे कोण असतं? खाडीच्या त्या वळणावर जो जाळं लावून बसलेला असतो, तो.

(दृश्य: होडी खाडीत. इंजिनाचा आवाज, मग शांतता.)

ऐरोलीला कांदळवन कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून हंगामात फ्लेमिंगो पाहायला होड्या सुटतात. त्यांची वेळ घड्याळावर ठरत नाही, भरती-ओहोटीवर ठरते, आणि ती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. होडी तरंगायला पाणी हवं आणि पक्ष्यांना चरायला चिखल उघडा हवा. हे दोन्ही जुळतं तेवढ्याच वेळात फेरी होते. उधाणाला पाणी कुठवर चढेल, भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत ते कुठे कमी पडेल, खाडीच्या कुठल्या नळीत (अरुंद फाट्यात) होडी रुतेल, हे मोबाईलवरच्या तक्त्यात पुरतं सापडत नाही. ते काठावर वाढलेल्या माणसाला माहीत असतं. म्हणूनच इथला वाटाड्या कोळीवाड्यातलाच हवा, असं मला ठामपणे वाटतं.

आता समोर पाहा. रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो. मोठा रोहित उंच, बराचसा पांढरा. छोटा रोहित बुटका, गडद गुलाबी, चोचही गडद. नोव्हेंबरपासून हे येऊ लागतात, पावसाच्या तोंडावर परततात. कच्छच्या रणात त्यांची वीण होते. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मोजणीत काही वर्षी त्यांची संख्या लाखाच्या वर गेली आहे. चोच उलटी करून पाण्यात बुडवतात, जिभेने पाणी आत-बाहेर करतात आणि चोचीच्या कडेच्या चाळणीत अन्न अडकतं. छोट्या रोहितचं मुख्य अन्न म्हणजे सूक्ष्म नीलहरित शेवाळ. पिसांचा गुलाबी रंग त्यातूनच येतो.

ते शेवाळ इथे एवढं माजतं कशामुळे? दोन्ही काठांच्या शहरांचं सांडपाणी खाडीत येतं आणि त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ पोसलं जातं. म्हणजे पक्ष्यांची गर्दी पाहून खाडी निरोगी आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. त्याच पाण्याने मासळी घटवली. फेरीला आलेल्या पाहुण्याला थवे दिसतात, होडी चालवणाऱ्याला आपलं रिकामं जाळंही दिसत असतं. पर्यटनाच्या जाहिरातीत पहिली गोष्ट येते, दुसरी येत नाही. ती यायला हवी. होडीवरच्या अर्ध्या-पाऊण तासात पाहुण्यांना हे सांगणारा माणूस हवा आणि त्याला ते सांगायची मुभा हवी.

(दृश्य: फग, म्हणजे चिंबोऱ्या पकडायचं जाळं, पाण्यातून वर येतो. आत एक चिंबोरी.)

कोळ्याला खाडीतून बाजूला काढून जंगल राखता येईल, ही कल्पनाच चुकीची आहे. हे सरकारनेही काही अंशी मान्य केलं. २०१७ पासून कांदळवन संरक्षण आणि उपजीविका निर्माण योजना राबवली जाते. गावात सहव्यवस्थापन समिती होते, बचत गट पुढे येतात आणि कांदळवनाला धक्का न लावता चिंबोरीपालन, कालवंपालन, पिंजऱ्यातलं मत्स्यपालन, निसर्ग पर्यटन अशी कामं हाती घेतात. सामूहिक प्रकल्पाचा ९० टक्के खर्च सरकार उचलतं. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ पासून स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. तिथे इंजिनाचा प्रश्नच नाही. आपल्याकडे खाडी रुंद आहे, पाण्याला ओढ आहे, त्यामुळे यांत्रिक होडी लागते. तरी काठालगतच्या नळ्यांमध्ये वल्ह्याची छोटी फेरी का होऊ नये? तिवर, चिपी ही कांदळवनाची झाडं, निवटी, आणि खंड्या, शेकाटे हे पक्षी पाहायला पाहुण्याला थव्यांची वाट पाहावी लागत नाही.

मर्यादाही पाळाव्या लागतील. थव्याच्या फार जवळ होडी गेली की आधी सगळ्या माना एकदम वर येतात. मग चरणं थांबतं. पुढची पायरी म्हणजे थवा उडतो, आणि चरायला मिळणारा ओहोटीचा मोजका वेळ त्यात जातो. चांगला नाखवा माना वर आल्याबरोबर होडी मागे घेतो. पाहुणा कितीही म्हणाला, अजून थोडं पुढे घ्या, तरी. त्या नाखव्याची रोजी फेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असेल तर त्याला असं वागणं परवडणार नाही. म्हणून हंगामाचं ठरलेलं मानधन, फेऱ्यांवर मर्यादा आणि तिकिटातला ठरावीक वाटा थेट गावाच्या समितीकडे, ही मांडणी पक्ष्यांच्याही फायद्याची आहे.

(दृश्य: पावसाळा. जेट्टीला बांधलेल्या होड्या. कांदळवनात कमरेएवढ्या चिखलात उभी माणसं.)

जूनमध्ये पाहुणे संपतात, पक्षी गेलेले असतात. खरं काम तेव्हा सुरू होतं. पावसाळ्यात तिवराच्या बिया पिकून गळतात, पाण्याबरोबर फिरत चिखलात रुजतात. याच दिवसांत नाल्यांतून सगळ्या शहराचा कचरा वाहत येतो आणि कोवळ्या रोपांवर चढून बसतो. तो काढायला यंत्र आत जाऊ शकत नाही. माणसंच लागतात, चिखलात पाय कसा टाकायचा हे जाणणारी. बिया गोळा करणं, रोपवाटिका सांभाळणं, पाण्याच्या बुजलेल्या वाटा मोकळ्या करणं, ही सगळी मजुरीची कामं आहेत आणि ती काठावरच्या गावांना मिळाली पाहिजेत. सध्या स्वच्छता मोहिमांवर बरंचसं काम भागतं. शनिवार-रविवारी येणाऱ्या स्वयंसेवकांचं मोल आहेच. पण पावसाळ्याचे चार महिने रोज चिखलात उतरायचं तर त्याला पगार लागतो, आणि तो पालिकांच्या अंदाजपत्रकात, ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या, वेगळ्या ओळीत लिहिलेला दिसायला हवा.