पिसारा कोरडा राहिला पाहिजे

शेतकरी बंधू-भगिनींनो, डिसेंबरअखेर परभणीचा पारा एक आकडी झाला, की ब्रह्मा, कोचीन, सिल्की या पायांवरही पिसे असणाऱ्या जातींच्या कोंबड्या बाळगणाऱ्यांचे फोन मला येऊ लागतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: खुराड्यात किती वॅटचा बल्ब लावू? पिल्लांना ऊब द्यावीच लागते. पण पूर्ण पिसे आलेल्या निरोगी कोंबडीला आपल्या थंडीत बल्ब लागत नाही. तिच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश असते आणि वरच्या पिसांखालच्या मऊ लवेत अडकलेली हवा ती ऊब बाहेर जाऊ देत नाही. ब्रह्मा हे नाव आपल्या ब्रह्मपुत्रेवरून आले असले, तरी ही जात घडली अमेरिकेत, चीनमधून गेलेल्या पक्ष्यांपासून. बर्फ सोसणाऱ्या या कोंबडीला आपल्या आठ-नऊ अंशांचे काय? तिला जड जातो तो आपला मे महिना.

हिवाळ्यात बाधते ती ओल. भिजलेल्या पिसांत हवा टिकत नाही. सिल्कीचे तर आणखी अवघड, कारण साध्या पिसाचे तंतू ज्या सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत गुंतलेले असतात, ते तिच्या पिसांना नसतात. पिंजलेल्या कापसासारखा तो पिसारा पाणी शोषून घेतो. शिवाय उडता येत नसल्याने ती बहुधा जमिनीवरच झोपते.

पहिल्या हिवाळ्यात मी खुराडे चारही बाजूंनी प्लास्टिकने बंद केले होते. सकाळी आतून थेंब टपकत होते आणि कोंबड्या शिंकत होत्या. श्वासातून आणि विष्ठेतून रात्रभर सुटलेल्या बाष्पाला वाटच उरली नव्हती. आता वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावतो, पण छपराखालची वीतभर फट कधीच बुजवत नाही. पहाटे दार उघडताच उकिडवे बसून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर विष्ठेतून सुटणारा अमोनिया वायू साचला आहे असे समजावे. खाली चार-पाच इंच भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा असावा आणि त्याचा भिजलेला भाग त्याच दिवशी काढावा. पाण्याचे भांडे विटेवर ठेवले, तर सांडलवंड कमी होते.

पायांवरच्या पिसांकडे मात्र रोज पाहावे लागते. रब्बीला पाणी दिलेल्या वावरात कोंबडी फिरून आली, की आपली काळी चिकणमाती तिच्या बोटांवर सुपारीएवढ्या गोळ्या करून बसते. त्या ओढून काढू नयेत. नव्या पिसाच्या नळीत रक्त असते आणि पीस तुटले की ते वाहू लागते. दुपारच्या उन्हात कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय दहा मिनिटे बुडवून गोळा बोटांनी विरघळवावा आणि जुन्या सुती धोतराने टिपून घ्यावे. दिवस मावळेपर्यंत पाय वाळले नाहीत, तर त्या रात्री ती कोंबडी घरात, डालग्याखाली झाकावी.