सरकारी वकील नेमका कुणाचा?

'सरकारी वकील आमच्याशी धड बोलतसुद्धा नाहीत. ते आमचेच वकील ना?' ज्या घरात गुन्हा घडलाय, त्या घरातून हा प्रश्न हमखास येतो. त्यामागचं दुःख खरं असतं, म्हणून उत्तरही सरळ देतो. नाही, ते तुमचे वकील नसतात. तुम्ही त्यांच्या वकालतनाम्यावर सही केलेली नसते.

खटल्याचं नाव बघा. 'महाराष्ट्र शासन विरुद्ध' आणि पुढे आरोपीचं नाव. फिर्याद तुम्ही दिलीत, मार तुम्ही खाल्लात, पण तुमचं नाव येतं साक्षीदारांच्या यादीत. गुन्हा एका माणसाविरुद्ध घडला तरी तो सगळ्या समाजाविरुद्ध आहे असं कायदा मानतो, म्हणून खटला शासन चालवतं. सत्र न्यायालयात तर सरकारी अभियोक्त्यानेच, म्हणजे फौजदारी खटल्यातल्या सरकारी वकिलानेच, तो चालवायचा असतो, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय.

मग ते पोलिसांचे वकील का? तेही नाही, आणि इथे मला जरा थांबायचंय. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली हितेंद्र विष्णू ठाकूर खटल्यात सांगितलं की सरकारी अभियोक्ता हा तपास यंत्रणेचा भाग नाही, त्याचं स्थान स्वतंत्र आहे. तपास अधिकाऱ्याने तपासासाठी मुदतवाढ मागितली म्हणून त्याने डोळे मिटून सही करायची नाही, कागद स्वतः वाचून स्वतःचं मत बनवायचं. आरोपीच्या बाजूचा एखादा पुरावा हाती आला तर तो दडपायचा नाही, न्यायालयासमोर ठेवायचा. काहीही करून शिक्षा मिळवणं हे त्याचं काम नाही. खरं काय ते न्यायाधीशांसमोर नीट यावं, यासाठी तो तिथे उभा असतो.

आपल्या राज्यात ही फारकत सहज झालेली नाही. १९७३ची फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाल्यावरही महाराष्ट्रात सहायक सरकारी अभियोक्ते पोलीस खात्याच्याच हाताखाली होते. काही अभियोक्ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९९५ साली शहाणे खटल्यात न्यायालयाने राज्याला त्यांचं वेगळं खातं उभारायला सांगितलं. आज असं वेगळं खातं, म्हणजे अभियोग संचालनालय, आहे. पण त्या जुन्या संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे संचालनालय गृह विभागाच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली ठेवलंय, आणि पोलीसही त्याच विभागाकडे आहेत. मला ही रचना खटकते.

आता नेमणूक. कोर्टात सगळ्यांनाच आपण 'सरकारी वकील' म्हणतो, पण नेमणुकीच्या वाटा वेगळ्या आहेत. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात दिसतात ते एपीपी, म्हणजे सहायक सरकारी अभियोक्ता. हे पूर्णवेळ शासकीय अधिकारी, एमपीएससीची परीक्षा देऊन आलेले. सत्र न्यायालयातले सरकारी अभियोक्ते मात्र बहुधा वकिली करणाऱ्यांमधून निवडलेले असतात. किमान ७ वर्षं वकिली हवी. नव्या संहितेच्या कलम १८ प्रमाणे जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी, सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून नावांची यादी तयार करतात आणि सरकार त्या यादीतूनच नेमतं.

ही सल्लामसलत मला फार मोलाची वाटते. कोण तयारी करून येतो, कोण नुसत्या तारखा मागतो, हे सत्र न्यायाधीश रोज बघत असतात. महाराष्ट्राने १९८१ साली दुरुस्ती करून जुन्या संहितेतला हा सल्लाच काढला होता आणि त्याजागी 'राज्य शासनाच्या मान्यतेने' असे शब्द घातले होते. नव्या संहितेच्या मजकुरात सत्र न्यायाधीश पुन्हा आले आहेत.

नेमणूक सरकारच्या मर्जीवर सोडली तर काय होतं, ते १९९० साली उत्तर प्रदेशात दिसलं. सरकारने एका परिपत्रकाने सगळ्या जिल्ह्यांतल्या सरकारी वकिलांच्या नेमणुका एकदम संपवल्या. सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. हे सार्वजनिक पद आहे, इथेही मनमानी चालणार नाही, असं बजावलं.

दिवाणी बाजू थोडक्यात. जमीन संपादन, नोकरीचे वाद, सरकारविरुद्धचे दावे यांत सरकार पक्षकार असतं आणि सरकारी वकील खरोखर सरकारची बाजू मांडतो. राज्याचा सर्वोच्च विधी अधिकारी म्हणजे महाधिवक्ता. त्याची नेमणूक राज्यपाल करतात, संविधानाच्या अनुच्छेद १६५ प्रमाणे.

सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर? तो अर्ज सरकार करत नाही, सरकारी अभियोक्ता करतो, स्वतः विचार करून, आणि न्यायालयाची परवानगी लागते. केरळ विधानसभेत २०१५ साली तोडफोड झाली होती. तो खटला मागे घेण्याची परवानगी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली नाकारली. आता नव्या संहितेच्या कलम ३६० प्रमाणे अशा अर्जावर पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय परवानगी देता येत नाही. हे लक्षात ठेवा, कारण हा हक्क तुमचा आहे.

तुम्हाला स्वतःचा वकील देता येतो का? न्यायालयाच्या परवानगीने, हो. पण त्याने सरकारी अभियोक्त्याला साहाय्य करायचं. साक्षीदाराला तो स्वतः प्रश्न विचारू शकत नाही, हे २०१९ साली रेखा मुरारका खटल्यात स्पष्ट झालंय. म्हणून त्याला काही सुचलं, तर साक्षीच्या आधीच ते सरकारी वकिलांच्या हातात द्यायला सांगा. उलटतपासणी संपल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

आणि साक्षीच्या आधी कुणी धमकावत असेल, तर घाबरून फितूर होण्यापूर्वी एक गोष्ट करा. २०१८च्या साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्ह्याची समिती असते. जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष, पोलीस प्रमुख सदस्य आणि जिल्ह्याचे अभियोग प्रमुख सदस्य सचिव. संरक्षणाचा अर्ज याच सचिवांकडे द्यायचा असतो, लेखी. त्याची पोच घेऊन जपून ठेवा.