दट्ट्याखालचा थेंब

[दृश्य: काळ्या पार्श्वभूमीवर एक सिरिंज. दट्ट्या तळापर्यंत दाबलेला.]

ही सिरिंज रिकामी आहे. निदान दिसते तरी तशी.

दट्ट्या कितीही दाबा, सुईच्या मुळाशी थोडी पोकळी राहतेच आणि तिथे रक्ताचा अंश अडकतो. सुई वेगळी बसवावी लागते, त्या सिरिंजमध्ये तो जास्त उरतो. सुई कायमची जोडलेली असते, त्या इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये अगदी थोडा. प्रयोगशाळेत अशा उरलेल्या रक्तात एचआयव्ही सहा आठवडे तगलेला आढळला. हिपॅटायटिस सीचा विषाणू तर ६३ दिवस.

[दृश्य: चमचा, कापसाचा बोळा, पाण्याची बाटली. एकच हात एकेक वस्तू समोर ठेवतो.]

‘मी दुसऱ्याची सुई घेत नाही,’ असं टोचून नशा करणारे अनेक जण सांगतात. खोटं बोलत नाहीत ते. पण पावडर विरघळवायचा चमचा सगळ्यांत एक असतो. गाळायचा कापूस एक, पाणीही एकच. त्या पाण्यात एकाची वापरलेली सुई बुडाली, की नवी कोरी सुई घेऊन बसलेल्यालाही संसर्ग होऊ शकतो. हिपॅटायटिस सी अशा वाटांनीही पसरतो, आणि वर्षानुवर्षं काही जाणवतही नाही. म्हणून सुईइतकंच चमचा, कापूस आणि पाणीही ज्याचं त्याचं वेगळं हवं.

आणि एकट्याने टोचलं तर? तरी जंतू असतातच, स्वतःच्याच कातडीवर. न धुतलेल्या जागी सुई गेली, की तेच आत शिरतात. कधी गळू होतं, पू साचतो. कधी ते रक्तातून थेट हृदयाच्या झडपेवर जाऊन बसतात. थंडी वाजून ताप येतो, धाप लागते, आणि माणूस ‘साधा ताप असेल’ म्हणून अंगावर काढतो. सुईचं टोक चाटायची सवयही काहींना असते. तोंडातले जंतू मग नसेत जातात. साबणाने हात आणि टोचायची जागा धुणं ही गोष्ट क्षुल्लक वाटते. नाही ती.

[दृश्य: जुनं शहर, पावसात भिजलेले दगडी रस्ते.]

स्कॉटलंडमधलं एडिनबरा, १९८०चं दशक. हेरॉइन होतं, पण सिरिंज मिळेना. दुकानदार देईनात, जवळ सापडली तर पोलिस काढून घेत. मग एकच सिरिंज कित्येक हातांतून फिरू लागली. शहरातल्या एका दवाखान्यात हेरॉइन घेणाऱ्या १६४ जणांचं रक्त तपासलं गेलं. ५१ टक्के एचआयव्ही बाधित! १९८६ साली हे प्रसिद्ध झालं. सिरिंज हिसकावून घेतल्याने नशा थांबली नव्हती. सुया तेवढ्या कमी झाल्या होत्या.

ॲमस्टरडॅममध्ये १९८४ साली उलटं घडलं. हिपॅटायटिस बीच्या धास्तीने नशा करणाऱ्यांच्याच संघटनेने, जंकीबॉन्डने, वापरलेल्या सुया घेऊन नव्या द्यायला सुरुवात केली. पालिकेच्या आरोग्य खात्याने सुया पुरवल्या. डॉक्टरांच्या आधी हे नशा करणाऱ्यांना सुचलं, याचं मला राहून राहून कौतुक वाटतं.

[दृश्य: एक खिडकी. आतून हात पुढे येतो.]

‘यानं नशेला उत्तेजन मिळतं,’ हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. पण नव्या सुया देणाऱ्या या खिडकीशी येणारा माणूस नशा आधीपासूनच करतो आहे. सुई घ्यायला तो येतो, तेवढ्या पाच मिनिटांत त्याच्या जखमेला पट्टी होते, हिपॅटायटिस बीची लस टोचली जाते, तपासणीचं विचारता येतं. हिपॅटायटिस सी निघालाच, तर आता ८ ते १२ आठवडे गोळ्या घेऊन शंभरातले पंचाण्णवहून अधिक जण बरे होतात. पुन्हा मात्र होऊ शकतो, म्हणून सुया लागतातच. हेरॉइन घेणाऱ्याला हवं असेल तेव्हा मेथाडोन किंवा जिभेखाली ठेवायचं ब्युप्रेनॉर्फिन हे हेरॉइनऐवजी द्यायचं औषध मिळतं. तलफ आवरते, टोचणंच कमी होतं.

[दृश्य: पिवळा, जाड प्लॅस्टिकचा डबा. त्यात एक सुई पडते. टक् असा आवाज.]

आतला माणूस नाव विचारत नाही. विचारतो एवढंच: ‘किती देऊ?’